अठ्ठ्याहत्तर किलोची चाकं

“तुमचं वजन किती?” चाकवाल्या ताईंनी विचारलं.

प्रश्न साधा होता. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं, ताईंच्या हातात पेन होतं आणि त्यांना फक्त एक आकडा हवा होता. निरीक्षकांनी मात्र आधी बायकोकडे पाहिलं, मग तिच्याशेजारी उभ्या असलेल्या आपल्या साडूंकडे पाहिलं, पोट जमेल तेवढं आत ओढलं आणि ते म्हणाले, “अठ्ठ्याहत्तर.”

बायकोला जोराचा ठसका लागला. साडूंनी तत्परतेने तिला पाण्याची बाटली दिली.

दुसऱ्या कुणी वजन चोरून सांगितलं असतं तर त्यात बोलण्यासारखं काही नव्हतं. सगळेच चोरतात. पण निरीक्षक वजनमापे खात्यात होते. बाजारातल्या काट्यांची खोट शोधून काढणं हीच त्यांची नोकरी. ते बाजाराच्या तोंडाशी दिसले की भाजीवाल्यांच्या पारड्याखाली चिकटवलेल्या वस्तू आपोआप खिशात जात. डब्यासकट बिस्किटं तोलतो म्हणून त्यांनी एका बेकरीवाल्याला दंड केला होता, आणि तो बेकरीवाला त्यांचा शाळासोबती होता. अशा माणसानं भर दुकानात, दोन साक्षीदारांसमोर, तब्बल एकोणीस किलोंची लबाडी केली होती. कारण त्याच दिवशी सकाळी घरच्या काट्यानं त्यांना सत्त्याण्णव हा आकडा दाखवला होता आणि त्यांनी काट्याला दोन शिव्या हासडल्या होत्या.

या सगळ्याच्या मुळाशी एक खुर्ची होती.

निरीक्षकांच्या सासूबाई घाटमाथ्यावर, वळणावळणाच्या रस्त्याच्या अगदी शेवटी राहत. घराच्या व्हरांड्यात सासऱ्यांची जुनी लाकडी आरामखुर्ची होती. सासरे होते तोवर तिच्यात दुसऱ्या कुणाची बसायची टाप नव्हती. ते गेल्यावर ती रिकामीच राहिली. मग सासूबाईंच्या वाढदिवसाला दोघे जावई सायकलवरून घाट चढून आले. धाकटे जावई आधी पोचले आणि दमून भागून काही न सुचून थेट त्या खुर्चीत कोसळले. सगळे श्वास रोखून उभे राहिले. पण सासूबाई कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा हसल्या, आणि म्हणाल्या, “बसा हो. जो आधी पोचेल त्याची खुर्ची.” तेव्हापासून घरात तो कायदाच होऊन बसला.

आणि तेव्हापासून आजतागायत धाकटे जावईच आधी पोचत होते. ते दातांचे डॉक्टर. अंगानं काडी, सायकल पिसासारखी आणि दात जाहिरातीत असावेत तसे. थोरले जावई, म्हणजे आपले निरीक्षक, घामानं निथळत फाटकातून आत शिरत तेव्हा डॉक्टरांची आंघोळ उरकलेली असे, हातात चहाचा कप असे, आणि खुर्चीत रेलून, सगळे दात दाखवत ते दरवर्षी तेच विचारत, “या, या. दमलात?”

निरीक्षकांना घाटाचं काही वाटत नसे. त्या तीन शब्दांनी मात्र त्यांचं काळीज कुरतडलं जाई. थोरला जावई असून दरवर्षी पायरीवर बसून चहा प्यायचा! सासऱ्यांचा त्यांच्यावर फार जीव होता, आणि त्या खुर्चीत एकदा तरी, फक्त एकदा, आपण बसावं असं त्यांना मनापासून वाटे. हे त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. बायकोला ते न सांगताच ठाऊक होतं.

“इंजिन काही बदलता यायचं नाही, साडूबुवा,” डॉक्टरच एकदा म्हणाले होते, “निदान चाकं तरी बदला.” आणि सल्ला द्यायला म्हणून ते स्वतः दुकानात हजर झाले होते.

“अठ्ठ्याहत्तर,” ताईंनी लिहून घेतलं. “हे बरं केलंत, नीट सांगितलंत. चाक निवडणं चष्मा करण्यासारखं असतं. नंबर खोटा दिला तर काच कितीही महाग घ्या, दिसणार नाहीच. आता रस्ता कसा असतो? हाताला मुंग्या येतात का? पाठ भरून येते?”

“छे, छे,” निरीक्षक म्हणाले. त्यांच्या हाताला मुंग्या येत, पाठ भरून येई आणि मानही आखडे. पण अठ्ठ्याहत्तर किलोच्या माणसाला हे सगळं कशाला होईल?

“मग तुम्हाला हलकी चालतील. उंच रिम, वीस तारा, बारीक टायर. डॉक्टरांची आहेत तशीच. फक्त हवा मी लिहून देते तेवढीच भरायची. वजनाच्या हिशोबानं काढलेली असते.”

“अगदी माझ्यासारखीच?” डॉक्टरांनी भुवया उंचावल्या. “वा! मी चौसष्टचा, तुम्ही अठ्ठ्याहत्तरचे. फरक तो कितीसा!”

दुकानातून बाहेर पडल्यावर बायको इतकंच म्हणाली, “अहो, उरलेले एकोणीस किलो कुणाचे म्हणायचे? माझे?”

चाकं आली ती मात्र नुसती बघत राहावीत अशी. काळीभोर, चकचकीत, तारा मोजक्याच. निरीक्षकांनी सायकल बैठकीच्या खोलीत उभी केली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला चाक फिरवून दाखवलं. फिरवायला ती फारच छान होती. अडचण त्यांच्यावर बसल्यावर सुरू झाली.

पहिल्याच रविवारी एक साधा खड्डा आला आणि ट्यूब फुसकन बसली. काढून पाहिली तर शेजारीशेजारी दोन भोकं, कुणी चावा घेतल्यासारखी. हवा अठ्ठ्याहत्तर किलोच्या हिशोबाची आणि बसणारा सत्त्याण्णवचा, त्यामुळे टायर पार दबून ट्यूब रिमखाली चिरडली जात होती. निरीक्षकांना हे कळत होतं. म्हणून त्यांनी पुढच्या खेपेला टायरात हवा ठासून भरली. पंक्चर थांबली, पण आता रस्त्यावरचा प्रत्येक खडा चाकातून हँडलात, हँडलातून मनगटात आणि मनगटातून थेट दाढेत पोचू लागला. त्यांची एक जुनी दाढ ठणकायला लागली. पण दातांचे डॉक्टर म्हणजे साडूच, तेव्हा तीही गप्प बसून सोसावी लागली.

मग चाक वाकडं फिरू लागलं. चढावर त्यांनी पायावर जोर दिला की मागचं चाक एका बाजूला झुके आणि ब्रेकला घासे. खस्स. दुसऱ्या पायाचा जोर, पुन्हा खस्स. चढ चढताना आपणच आपला ब्रेक लावत जायचं, असा तो प्रकार होता. आणि एके दिवशी बाजाराच्या बरोबर मधोमध ‘टण्ण’ असा आवाज होऊन एक तार तुटली, चाक ब्रेकमध्ये अडकलं आणि सायकल जागीच थांबली.

निरीक्षकांनी सायकल खांद्यावर घेतली. दोन्ही बाजूंना त्यांनी कधी ना कधी दंड केलेली माणसं बसली होती. एकही जण हसला नाही. फक्त टोमॅटो विकणाऱ्या आजीबाईंनी अत्यंत काळजीनं विचारलं, “साहेब, माल जास्त भरला का हो?”

ताईंनी चाक फिरवून पाहिलं, पुन्हा फिरवलं आणि चष्मा कपाळावर चढवला.

“हे होऊच शकत नाही. अठ्ठ्याहत्तर किलोच्या माणसानं चाकाला एवढा वाक येतच नाही. रिमच खराब निघाली असणार. थांबा, कारखान्याला खरमरीत पत्र लिहिते. चांगलं ओळखते मी त्यांना. ही सबंध खेपच परत घ्यायला लावते!”

आता मात्र निरीक्षकांना घाम फुटला. ज्या कारखान्याचा काही दोष नाही त्याच्यावर खोटा आळ येणार, आणि तो वजनमापे खात्याच्या माणसामुळे! त्यांच्यातला सरकारी नोकर खडबडून जागा झाला. पण दुर्दैवानं त्याच वेळी डॉक्टर आपल्या चाकात हवा भरायला दुकानात शिरले.

“पत्र नका लिहू,” निरीक्षक घाईघाईनं म्हणाले. “रिम चांगली आहे. मीच... मी ओझं घेऊन चालवतो.”

“कसलं ओझं?”

निरीक्षकांनी इकडेतिकडे पाहिलं. डोक्यात काही येईना. जन्मभर ज्याच्याशी संबंध आला तीच एक गोष्ट तोंडून बाहेर पडली. “वजनं. ऑफिसातली. पाठीवर बांधतो. सरावासाठी.”

“किती?”

“एकोणीस किलो,” निरीक्षक म्हणाले. हिशोबात ते कधीच चुकत नसत.

ताईंच्या हातातला पाना खाली पडला. “एकोणीस किलो घेऊन घाटात? अहो, मग आधी सांगायचं नाही का! चाकावर सत्त्याण्णव येतात. मग चाकही सत्त्याण्णवचं हवं. बत्तीस तारा, रुंद रिम, जाड टायर. दिसायला काही देखणं नसतं, सांगून ठेवते. पण खड्ड्यातून गेलात तरी हातातला चहा सांडणार नाही.”

निरीक्षकांना आनंदानं नाचावंसं वाटलं. खरं न बोलता खरी चाकं मिळत होती! डॉक्टर मात्र हवेचा पंप हातात धरून जागीच खिळले होते. त्यांचं हसू मावळलं होतं आणि ते साडूंकडे आयुष्यात पहिल्यांदाच आदरानं पाहत होते.

प्रकरण इथंच संपलं असतं. पण दातांच्या डॉक्टरांना एक सवय असते. समोरच्याचं तोंड उघडं असताना, त्याला उत्तर देता येणार नाही अशा वेळी, ते भरपूर बोलतात. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या खुर्चीत आ वासून पडल्या होत्या त्या निरीक्षकांच्या ऑफिसातल्या मोठ्या मॅडम.

“तुमचे निरीक्षक म्हणजे आमचे साडू बरं का,” डॉक्टर दाढ कोरता कोरता म्हणाले. “जबरदस्त माणूस! ऑफिसची वजनं पाठीला बांधून घाट चढतो. एकोणीस किलो!”

“आँ?” मॅडम म्हणाल्या.

“दुखतंय का? झालंच हं.”

“आँ! आँ!!” मॅडम म्हणाल्या. डॉक्टरांनी भुलीचं आणखी एक इंजेक्शन दिलं.

तासाभरानं मॅडम ऑफिसात पोचल्या तेव्हा त्यांचा अर्धा चेहरा बधिर होता आणि उरलेला अर्धा संतापलेला होता. आता ऑफिसातली वजनं म्हणजे काय चीज असते हे सांगायला हवं. गावभरचे काटे ज्या वजनांशी ताडून पाहतात ती ही पितळी वजनं. ती थंड खोलीत, कुलूपबंद कपाटात, मखमलीच्या खाचांमध्ये ठेवलेली असतात. त्यांना उघडा हात लावायचा नाही, बोटाचा घाम लागला तरी फरक पडतो म्हणून हातमोजे घालायचे. आणि ही वजनं म्हणे घामट पाठीला बांधून घाटात नेली जात होती. मोठ्या मॅडमना हे ऐकून भूल असूनही कळ आली होती.

“तुम्ही ती कपाटाबाहेर काढलीत?” त्यांनी निरीक्षकांना समोर उभं करून विचारलं. प्रत्येक शब्द ओठाच्या एकाच कोपऱ्यातून बाहेर येत होता, त्यामुळे तो जास्तच भयंकर वाटत होता. “नोकरी जाते यात, माहितेय ना?”

नोकरी! चेष्टा नव्हे. सगळा स्टाफ थंड खोलीच्या दारात जमला. कपाट उघडलं गेलं. हातमोजे चढवले गेले. एकेक वजन काट्यावर ठेवून पाहिलं गेलं. सगळी जागच्या जागी, सगळी बिनचूक, एकावरही घामाचा थेंब नाही.

“वजनं तर इथंच आहेत,” मॅडम गोंधळून म्हणाल्या. “मग तुमच्या सायकलवर एकोणीस किलो असतं तरी काय?”

निरीक्षकांना पळवाट सुचेना. वाळूची पिशवी म्हणावं तर वाळू दाखवावी लागेल. पुस्तकं म्हणावं तर कुठली ते सांगावं लागेल. एक खोटं सांभाळायला आणखी किती खोटी पाळायची? त्यांना या सगळ्याचा एकदम कंटाळा आला.

“मॅडम, मीच असतो,” ते म्हणाले. “ते एकोणीस किलो माझ्या अंगावरच आहेत. मी चाकवाल्या ताईंना वजन कमी सांगितलं. साडू शेजारी उभे होते म्हणून.”

मॅडमनी त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. पण खातं ते खातं. नुसत्या तोंडी सांगण्यावर तिथं काही चालत नसे. पोती तोलायचा मोठा काटा ओढून आणला गेला, त्याचा काटा शून्यावर आहे याची खात्री केली गेली आणि निरीक्षक बूट काढून त्यावर उभे राहिले. शिपायानं वाकून आकडा पाहिला आणि घसा साफ करून मोठ्यानं वाचला, “सत्त्याण्णव किलो, दोनशे ग्रॅम!”

“आणि सांगितलं किती?”

“अठ्ठ्याहत्तर.”

“एवढी तूट एखाद्या दुकानदाराकडे सापडली असती तर काय केलं असतंत?”

“काटा जप्त केला असता, मॅडम,” निरीक्षक मान खाली घालून म्हणाले.

मॅडम ओठाच्या एका कोपऱ्यातून हसल्या आणि मग सगळी खोली खो-खो हसायला लागली. निरीक्षकही हसले. कित्येक आठवडे आत ओढून धरलेलं पोट त्यांनी सैल सोडलं आणि त्यांना इतकं मोकळं वाटलं की काट्यावरून उतरावंसंच वाटेना. शेवटी मॅडमनीच त्यांना उतरवलं, सगळ्यांना बाहेर पिटाळलं आणि दार आतून लावून घेतलं. थोड्या वेळानं आतून काट्याचा करकर आवाज आला. बाहेर कुणीही कुणाच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

त्याच संध्याकाळी निरीक्षक ताईंकडे गेले आणि सगळं कबूल करून मोकळे झाले. ताई तार आवळत होत्या. त्यांनी मान वर करायचीही तसदी घेतली नाही.

“सत्त्याण्णव ते सत्त्याण्णवच. पितळ असो नाहीतर माणूस, चाकाला काय त्याचं? पण मुंग्या येतात का ते आता तरी खरं सांगा.”

“येतात,” निरीक्षक म्हणाले. “पाठही भरून येते. आणि मानही आखडते.”

“हं. मग टायर आणखी एक माप जाड घालू.”

घरी येऊन त्यांनी साडूंना फोन लावला. “डॉक्टर, ऐका. मी कसलीही वजनं नेत नव्हतो. ते एकोणीस किलो माझेच आहेत.”

पलीकडे डॉक्टर गडगडाटी हसले. “वा, साडूबुवा! वाढदिवस महिन्यावर आला आणि आता म्हणे वजनं नेत नव्हतो! अहो, कळतं आम्हालाही. आपलं गुपित कोण फोडतं?”

“अहो, खरंच सांगतोय.”

“बरं, बरं. भेटू घाटात!”

निरीक्षकांनी बायकोकडे हताशपणे पाहिलं. “खोटं बोललो ते पटलं, आणि खरं बोललो ते पटत नाही.”

“तुम्ही सांगितलंत ना? मग झालं,” बायको म्हणाली. “आता तो सदरा इकडे द्या, इस्त्री करायचाय.”

हा सदरा खास होता. पांढरास्वच्छ, कडक कॉलरचा. निरीक्षक दरवर्षी तो पिशवीत घालून घाट चढत आणि दरवर्षी घडी न मोडता परत आणत. तो खुर्चीत बसायचा सदरा होता.

वाढदिवसाच्या सकाळी दोन्ही बहिणी केक घेऊन गाडीनं पुढे गेल्या. साडू-साडू घाटाच्या पायथ्याशी भेटले. निरीक्षकांच्या सायकलला नवी चाकं होती. तारांची नुसती गर्दी, रुंद रिम आणि गुबगुबीत टायर. दूध घालायला निघाल्यासारखी ती सायकल दिसत होती. डॉक्टरांची सायकल नेहमीसारखीच नाजूक होती, पण डॉक्टरांच्या पाठीवर एक टम्म फुगलेली पिशवी होती आणि तिच्या पट्ट्यांनी त्यांचे खांदे खाली खेचले होते.

“हे काय?” निरीक्षकांनी विचारलं.

“दवाखान्यातल्या कवळ्यांचे साचे,” डॉक्टर अभिमानानं म्हणाले. “प्लॅस्टरचे जबडे. बरोबर एकोणीस किलो! महिनाभर सराव करतोय. तुम्हीच एकटे काय?”

“अहो, पण माझ्या पिशवीत फक्त सदरा आहे! हा पाहा...”

“नका दाखवू!” डॉक्टरांनी हात वर केला. “तुम्ही ओझं घेऊन चढणार आणि मी मोकळा? जिंकलो तरी लोक म्हणतील, साडूनं वजन वाहिलं म्हणून हा जिंकला. बरोबरीनंच होऊ दे.”

“डॉक्टर, तुमची चाकं एवढ्या वजनाची नाहीत. माझं काय झालं ते मी भोगलंय.”

“चला!” डॉक्टर म्हणाले आणि निघालेसुद्धा.

पहिली काही वळणं नेहमीसारखीच गेली. डॉक्टर पुढे, निरीक्षक मागे. पण यंदा त्यांच्यातलं अंतर वाढत नव्हतं. निरीक्षकांनी जोर दिला तरी चाक जागच्या जागी सरळ फिरत होतं, खस्स नाही की टण्ण नाही. त्यांनी दिलेला जोर पहिल्यांदाच पूर्णपणे रस्त्यापर्यंत पोचत होता. हाताला मुंग्या नव्हत्या. ठणकणारी दाढही शांत होती. त्यांना चक्क आजूबाजूची झाडं दिसत होती.

आणि मग घाटातला तो भाग आला, जिथं पाइप टाकायला रस्ता खणून नुसताच बुजवून ठेवला होता. डॉक्टरांच्या बारीक, टणक टायरांनी त्या खडीवर थयथयाट मांडला. त्यांच्या पाठीवरच्या पिशवीत शे-दोनशे जबडे एकमेकांवर आपटू लागले. थंडीनं कुडकुडणारी अख्खी पंगत एकदम दात वाजवत असल्यासारखा कडकडाट घाटात घुमला. आणि त्या कडकडाटाच्या शेजारून, खुर्चीत बसल्यासारखे ताठ, निरीक्षक अलगद पुढे निघून गेले.

त्यांचा स्वतःचाच विश्वास बसेना. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मागे वळून साडूंकडे पाहिलं. एरवी त्यासाठी पुढेच पाहावं लागत असे.

डॉक्टर चिडून पेडलवर उभे राहिले, दात-ओठ खाऊन त्यांनी एकच जोर लावला, आणि ‘टण्ण’! पाठोपाठ आणखी एक ‘टण्ण’! निरीक्षकांना तो आवाज झोपेतसुद्धा ओळखू आला असता.

पुढची वळणं मोकळी होती. वरती घराचं लाल छप्पर दिसत होतं. त्या छपराखाली खुर्ची होती. निरीक्षक थांबले. मग त्यांनी एक जोरदार उसासा टाकला, सायकल वळवली आणि चढलेला चढ उतरून खाली आले.

डॉक्टर रस्त्याच्या कडेला बसले होते. चाक आठाच्या आकड्यासारखं वाकलं होतं आणि दोन जबडे पिशवीतून निसटून खडीत पडले होते.

“गाडी बोलावू का?” निरीक्षकांनी विचारलं.

“शपथ आहे!” डॉक्टर म्हणाले. “दोघी बहिणी जन्मभर सांगत सुटतील. मी सायकल ढकलत येतो. तुम्ही पुढे व्हा.” मग खालच्या आवाजात म्हणाले, “फक्त ही पिशवी तेवढी...”

निरीक्षकांनी जबडे गोळा केले, पिशवी पाठीला बांधली आणि आपली सदऱ्याची पिशवी पुढे हँडलला अडकवली. आता चाकांवर एकशेसोळा किलो होतं. त्यांनी धसकत धसकत पहिला पाय मारला. बत्तीसच्या बत्तीस तारा गप्प राहिल्या. चाकं फिरू लागली, आणि खात्याचा सगळ्यात काटेकोर निरीक्षक खऱ्याखुऱ्या एकोणीस किलोंचं ओझं पाठीवर घेऊन, जबडे वाजवत, घाट चढू लागला. त्यांनी जे खोटं सांगितलं होतं ते आता शब्दशः खरं झालं होतं. त्यांना इतका जोर आला की शेवटच्या चढाला ते शीळ घालत होते.

फाटकातून ते आत शिरले तेव्हा व्हरांडा रिकामा होता. मग बायको दारात आली. तिनं खुर्चीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि नळाखाली बादली लावली. आंघोळ झाली. पांढऱ्या सदऱ्याची घडी मोडली. आणि सासूबाईंना वाकून नमस्कार करून थोरले जावई आरामखुर्चीत बसले.

खुर्ची त्यांना मापात बसली. हात ठेवायला रुंद, पाठीला टेकायला भक्कम, कुठे टोचत नाही की कुठे झुलत नाही. सासूबाई त्यांच्याकडे टक लावून पाहत राहिल्या आणि त्यांचे डोळे भरून आले.

“आज कुठे खुर्ची भरल्यासारखी वाटली,” त्या म्हणाल्या. “धाकटे बसतात ते एका कोपऱ्यातच मावतात बिचारे. यांचंही वजन तुमच्याएवढंच होतं, जावईबापू. शंभरला जरासं कमी. पण सुतारानं विचारलं तेव्हा शेजारी यांचे साडू उभे होते ना! हे छाती काढून म्हणाले, पंच्याहत्तर. पहिली खुर्ची पहिल्याच दिवशी मोडली. मग मीच गुपचूप सुताराकडे जाऊन खरा आकडा सांगून आले. ही दुसरी.”

निरीक्षकांनी खुर्चीच्या हातावरून हात फिरवला. सासऱ्यांची त्यांना इतकी आठवण कधी आली नव्हती. बायको चहाचा कप त्यांच्या हातात देऊन घाईघाईनं आत गेली.

तेवढ्यात फाटक वाजलं. डॉक्टर सायकल ढकलत, घामानं निथळत, एक पाय ओढत आत आले. निरीक्षकांनी चहाचा घोट घेतला, पाय लांब केले आणि वर्षानुवर्षं पाठ झालेले ते तीन शब्द अगदी सावकाश उच्चारले.

“या, या. दमलात?”

डॉक्टर पायरीवर बसले. त्यांनी व्हरांड्यात ठेवलेली आपली जबड्यांची पिशवी पाहिली, मग हँडलवरची चिमुकली रिकामी पिशवी पाहिली, आणि जवळ सरकून हळूच विचारलं, “साडूबुवा, आता तरी खरं सांगा. तुमचे ते एकोणीस किलो कुठे लपवलेत?”

निरीक्षकांनी पांढऱ्या सदऱ्यावरून पोटावर समाधानानं थोपटलं आणि दोन्ही हात डोक्यामागे घेऊन आपले सत्त्याण्णव किलो दोनशे ग्रॅम एकदम मागे टाकले. खुर्चीनं हूं की चूं केलं नाही.